फलाट क्रमांक तीनवरचा फुटबॉल

मेहकरच्या बस स्टँडवर सकाळी साडेनऊला भोंग्यातून एक आवाज येतो. खर्जातला, सावकाश, घाई नावाची गोष्टच माहीत नसलेला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. मेहकरहून साखरखेर्ड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. तसेच, पहिल्या वर्ल्डकपच्या फायनलमध्ये चेंडू कोणाचा यावरून वाद झाल्याने अर्धा सामना एका देशाच्या चेंडूने आणि अर्धा दुसऱ्या देशाच्या चेंडूने खेळवण्यात आला. प्रवाशांनी याची नोंद घ्यावी."

प्रवासी नोंद घेत नाहीत. रोजचे लोक पिशव्या उचलून गाडीकडं पळतात, आणि नवखा माणूस दचकून भोंग्याकडं बघतो. एकदा एका आजीनं मला विचारलं, "काय म्हणून राह्यला तो? दोन गाड्या हायेत काय?"

"नाही आजी, दोन चेंडू."

"मंग गाडी?"

"गाडी एकच."

"मंग ठीक हाये," म्हणून आजी गाडीत जाऊन बसली.

हा आवाज सुखदेव इंगळे यांचा. हुद्दा वाहतूक नियंत्रक, पण गावाला हा शब्द झेपत नाही, म्हणून इंगळे कंट्रोलर. बुटका, गोल अंगाचा, खाकी शर्टाचं पोटावरचं बटण कायम संकटात. या गृहस्थानं जन्मात कधी चेंडूला पाय लावला असेल असं त्यांच्याकडं बघून कोणी म्हणणार नाही. पण चौकशीच्या खिडकीत बसून ते जगाच्या फुटबॉलचा असा काही इतिहास सांगतात की ऐकणाऱ्याची गाडी चुकावी. दोघातिघांची चुकलीही आहे.

आता मी कोण, ते सांगतो. मी मराठीचा मास्तर. अठरा वर्षं मेहकरहून साखरखेर्ड्याला नववी-दहावीला व्याकरण शिकवायला जातो. माझा स्वभाव चांगला नाही, हे मला घरच्यांनी अनेकदा सांगितलंय. चुकीचं काही दिसलं की माझ्या हाताला खाज सुटते. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेत मी लाल शाईनं सात चुका काढून ती परत पाठवली होती. तेव्हापासून त्या घरून मला पत्रिका येत नाही, नुसता फोन येतो. असला माणूस रोज सकाळी इंगळ्यांच्या भोंग्याखाली उभा राहणार, म्हटल्यावर काय होणार?

सुरुवातीला मी चिडायचो. गाड्यांची वेळ सांगायची सोडून हे काय चाललंय? एक दिवस त्यांनी सांगितलं की मोठ्या लढाईच्या काळात इटलीतल्या एका अधिकाऱ्यानं वर्ल्डकपची ट्रॉफी सैनिकांच्या हाती लागू नये म्हणून बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवली होती. मी म्हटलं, हा माणूस थापा मारतो. गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर शोधलं. खरं निघालं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तीच ट्रॉफी पुढं इंग्लंडमधून चोरीला गेली आणि पोलिसांना सापडेना, ती एका कुत्र्यानं झुडपातून शोधून काढली. पुन्हा मोबाईल. पुन्हा खरं. मग माझा हट्टच झाला. मी रोज तपासायचो आणि रोज हरायचो. मादागास्कर नावाच्या देशात एका संघानं रेफ्रीच्या रागानं स्वतःच्याच जाळ्यात एकशे एकोणपन्नास गोल मारले, हे तर मी तीन ठिकाणी तपासलं. तिन्ही ठिकाणी एकशे एकोणपन्नासच.

"छापील हाये सर," इंगळे खिडकीतून म्हणायचे. "मी छापील नसलेलं बोलत नाही."

"छापील हाये" हा त्यांचा ठेका. रद्दीच्या दुकानातून किलोनं आणलेली जुनी मासिकं, कात्रणं, कुठल्याशा वाचनालयानं काढून टाकलेली पुस्तकं, सगळं चौकशीच्या खोलीत गाड्यांच्या जुन्या रजिस्टरांशेजारी रचलेलं. इंग्रजी अडलं की ते माझ्याकडं यायचे. माझं इंग्रजी मेव्हण्याच्या मराठीसारखंच, पण आम्ही दोघं मिळून ओढून न्यायचो.

त्यांच्या खिशात दोन कार्डं असायची, एक पिवळं आणि एक लाल. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून रंगवलेली. "हे कार्ड कुठून आलं माहीत हाये काय? एक रेफ्रीचा साहेब मोटारीतून जाऊन राह्यला व्हता. सिग्नल लागला. पिवळा, मंग लाल. तिथं त्याले सुचलं. म्हणजे हे वाहतूक खात्यातूनच फुटबॉलात गेलं. आपलंच हाये ते!" आणि आपलंच असल्यामुळं ते वापरायचे. रिव्हर्स घेताना दुधाच्या क्यानवर गाडी घालणाऱ्या ड्रायव्हरला पिवळं. फलाटावर पिचकारी मारणाऱ्याला सरळ लाल. ड्रायव्हर लोक आधी हसायचे, पण एका महिन्यात दोन पिवळी मिळालेला माणूस चहाच्या टपरीवर जरा खजील होऊन बसलेला मी पाहिलाय. एकदा देवाला सोडलेला वळू फलाट दोनवर आडवा बसला. इंगळ्यांनी जाऊन त्याच्या तोंडासमोर लाल कार्ड धरलं. वळूनं ते हुंगलं आणि रवंथ करत राहिला. "खेळाडू मैदान सोडायले तयार नाही," असं भोंग्यावर जाहीर झालं, आणि चिखलीची गाडी चारवरून सुटली.

टपरीवाल्यालाही एकदा पिवळं मिळालं. तो गिऱ्हाइकाला सांगत होता की आपले लोक अनवाणी खेळायचे, वर्ल्डकपवाल्यांनी बूट घाला म्हटलं, म्हणून भारत गेला नाही. इंगळे खिडकी सोडून धावत आले. "कोण म्हणते बे? ऑलिम्पिकात अनवाणी खेळले ना आपले पोट्टे? तिथं कोणी हाकललं काय? वर्ल्डकपचं बोलावणं आलं, त्या वेळच्या लोकाईले त्याची किंमतच कळली नाही, आणि गेले नाहीत. आता लाज वाटते म्हणून बुटावर ढकलतात. बुटाचा काय गुन्हा?" टपरीवाला म्हणाला, बरं बाप्पा, चहा घ्या. त्यांनी आधी कार्ड दाखवलं, मग चहा घेतला.

तर असं सगळं सुखानं चाललं होतं. माझा रागही गेला होता. खोटं कशाला बोलू, साडेनऊची वाट मी गाडीसाठी कमी आणि भोंग्यासाठी जास्त बघायला लागलो होतो. पण एक घोषणा माझ्या डोक्यात रुतून बसली होती. दर सोमवारी, न चुकता, तीच:

"चाळीस वर्षांपूर्वी साखरखेर्डा येथील एका गोलकीनं, अनवाणी पायांनी, हाताचं बोट मोडलेलं असताना, तीन पेनल्ट्या अडवल्या. प्रवाशांनी याची नोंद घ्यावी."

गोलकी म्हणजे गोलकीपर. आमच्याकडं शेवटचा 'पर' म्हणायला कोणाला वेळ नसतो.

आता जगातलं सगळं मोबाईलवर सापडतं, पण साखरखेर्ड्याचा हा गोलकी सापडेना. आणि साखरखेर्डा तर माझ्या शाळेचं गाव! त्याच सुमाराला शाळेनं 'आपल्या गावाचा गौरव' असा फलक रंगवायला घेतला, आणि आमच्या चित्रकलेच्या सरांनी त्यात हा गोलकी घालून टाकला. मी म्हटलं, पुरावा? ते म्हणाले, दर सोमवारी तर भोंग्यावर सांगतात. मग मात्र माझ्या हाताला खाज सुटली. मी माजी सरपंचांना विचारलं, जुन्या मुख्याध्यापकांना विचारलं, गावच्या कटिंगवाल्याला विचारलं, ज्याच्या खुर्चीत गावाचा सगळा इतिहास बसून गेलाय. "फुटबॉल खेळणारा असा कोणी गडी आपल्या गावात झाला काय?" सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. शाळेची जुनी कागदपत्रं चाळली. साखरखेर्ड्यात मुलांचा फुटबॉलचा संघ कधी नव्हताच! संघच नाही तर गोलकी कुठला? तुम्हीच सांगा.

मी इंगळ्यांना विचारलं, "हे कुठं छापलंय?"

पहिल्यांदाच ते "छापील हाये" म्हणाले नाहीत. म्हणाले, "हे पाह्यलेलं हाये."

"कोणी?"

"मी."

"त्या माणसाचं नाव काय?"

ते खिडकीतल्या खिडकीत मागं सरकले. "नाव नाही घेता येत सर."

बस्स. नाव नाही, पुरावा नाही. मी म्हटलं, तक्रार पुस्तक द्या.

"कोणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध."

"बरं." त्यांनी कपाटावरून पुस्तक काढलं, धूळ झटकली, स्वतःचं पेन दिलं. "कार्बन घालू काय? एक प्रत तुमच्यापाशी राहीन." मी तावातावानं लिहायला लागलो. ते पलीकडून उलटं वाचत होते. मध्येच हळूच बोट ठेवून म्हणाले, "सर, 'प्रवाश्यांची' नाही. 'प्रवाशांची'."

अठरा वर्षं मी तो शब्द लोकांना सुधारून देतोय. मी खोडला, सुधारला, आणि डबल जोरानं सही केली.

त्या तक्रारीचं पुढं इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं. स्टँडवर नवे साहेब आले होते. माणूस भला, पण कागद आला की उत्तर देणारा. त्यांनी इंगळ्यांना आणि मला समोरासमोर बोलावलं. इंगळे त्या महिन्याच्या अखेरीला रिटायर होणार होते, हे मला तिथं कळलं. साहेब म्हणाले, "इंगळे, आठ दिवसांत पुरावा आणा. नाही तर राहिलेले दिवस माईक दुसऱ्याकडं देतो. उगीच शेवटी बोभाटा नको."

मला वाटलं, इंगळे आता कार्ड काढतात. पण ते हात जोडून उभे राहिले. "साहेब, बाकी सारं बंद करा. तो खोका, ते कुत्रं, सारं बंद. नुसत्या गाड्या सांगतो. पण हे एक ठेवा. शेवटच्या दिवसापर्यंत हे एक सांगू द्या मले."

साहेब म्हणाले, "मग पुरावा आणा ना!"

मला वाईट वाटलं. मनात आलं, काय अडलं होतं आपलं? एक गोलकी फलकावर जास्त राहिला असता तर साखरखेर्डा बुडालं असतं काय? पण शब्द कागदावर गेला होता, आणि तोही शुद्ध लिहून.

रविवारी इंगळे माझ्या घरी आले. "चला सर. पुरावा पाहून घ्या. तुम्हीच लिहिलं, तुम्हीच खोडा." त्यांचं घर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून. दोन खोल्या, पुढं शेवग्याचं झाड. आत बसलो तर भोंगा अगदी उशाशी असल्यासारखा ऐकू येत होता. बदलीचा माणूस भराभर लोणार-डोणगाव म्हणून मोकळा झाला. "पाह्यलं?" इंगळे म्हणाले, "काहीच सांगत नाही. नुसत्या गाड्या."

मग त्यांनी ट्रंकेतून एक प्रमाणपत्र काढलं. पिवळं पडलेलं, कोपरा उंदरानं खाल्लेला. 'कु. एस. बी. मोरे, साखरखेर्डा. गोलरक्षक म्हणून उत्कृष्ट खेळ.' खाली खेळाच्या शिक्षिकेची सही. मी उजेडात धरून बघितलं. कागद खरा होता. माझा चेहरा उतरला, पण मास्तर सहज हार मानत नाही.

"हे मोरे आता कुठं असतात?"

"हायेत इथंच."

"भेटतील?"

"चहा घेऊन येऊन राह्यले."

मी बाहेरच्या दाराकडं बघत बसलो. शेजारच्या टपरीवरून कोणी मोरे कपबशा घेऊन येत असतील असं मला वाटलं. एवढ्यात आतून वहिनी चहा घेऊन आल्या. चालताना भिंतीला हात लावत, गुडघ्यांतून लंगडत. मी कप घेतला, आणि पुन्हा दाराकडंच बघत राहिलो. इंगळे माझ्याकडंच बघत होते. वहिनीही उभ्याच. शेवटी मी कपाकडं बघितलं, आणि तो देणाऱ्या हाताकडं. उजव्या हाताची करंगळी मधूनच बाहेर वळलेली होती. तुटून तशीच जुळलेली.

मी ताडकन उभा राहिलो. चहा बशीत सांडला.

अहो, एका गोलकीनं पेनल्ट्या अडवल्या! कर्त्याला तृतीया लागली की क्रियापद कर्माच्या मागं जातं. कर्ता पुरुष की बाई, वाक्य सांगतच नाही. कर्मणी प्रयोग! हा मी अठरा वर्षं नववीच्या फळ्यावर लिहितो, पोरांना त्यात नापास करतो, आणि इतके सोमवार तेच वाक्य ऐकून गावभर 'असा कोणी गडी झाला काय' विचारत फिरलो. प्रमाणपत्रावरचा 'कु.' सुद्धा मला दिसला आणि मी तो कुमार वाचला. साखरखेर्ड्यात मुलांचा संघ नव्हता. मुलींचा होता. त्या मुली लग्नं होऊन गावोगाव गेल्या, आणि मागं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

"बसा सर," वहिनी म्हणाल्या. "काऊन उभे राह्यले?"

मग हळूहळू सगळं निघालं. साखरखेर्ड्याच्या शाळेत खेळाच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी पोरींना फुटबॉल शिकवला. पण खेळायचं कोणाशी? जवळपास कुठं पोरींचा दुसरा संघच नाही. "मंग बाईनं मेहकरच्या पोट्ट्याईले चिठ्ठी पाठवली," वहिनी म्हणाल्या. "पोट्टे हासत हासत आले. येताना म्हणे, जेवण करून जाऊ." सामना बरोबरीत सुटला. हाफटायमाच्या आधीच वहिनींची करंगळी गेली होती. बाईंनी ओढणीची पट्टी फाडून बांधली. शेवटी पेनल्ट्या. पोट्टे हरले.

"मग हे कुठं छापून कसं आलं नाही?" मी विचारलं.

"कसं येईन?" इंगळे म्हणाले. "मेहकरच्या पोट्ट्याईनं परत येताना टेंपोत शपथ घेतली, का पोरीईनं हरवलं हे घरी सांगायचं नाही. जिंकलेल्या पोरीईले कोणी इचारलं नाही, आणि हरलेले बोलले नाहीत. छापणार कोण?"

"आणि तुम्हाला कसं माहीत?"

"मी व्हतो ना तिथं. समोरून पाह्यलं."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, लाजल्या.

"पण मग भोंग्यावर सरळ मुलगी म्हणून सांगायचं की!"

"मीच नाही म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "पोरगी म्हटलं का लोक म्हणतीन, पोरगी व्हती म्हणून पोट्ट्याईनं हळूच मारली असीन. सांगायचं तर गोलकी म्हणून सांगा, नाही तर सांगूच नका." बोलताना त्यांची मान अशी ताठ झाली की त्या दुखऱ्या गुडघ्यांच्या बाई आहेत हे मी विसरलो.

"आणि नाव?" मी इंगळ्यांना विचारलं.

"बायकोचं नाव माईकवर घेऊ?" ते खरोखरच घाबरले. "लग्नात एकदा घेतलं, तेही आत्याबाईनं दार अडवलं म्हणून. साऱ्या फलाटासमोर कसं घेऊ?"

"ऐकता का तुम्ही रोज?" मी वहिनींना विचारलं.

"मी? मले कुठं ऐकू येते. त्या टायमाले कुकर लावला राहते," असं म्हणून त्या कपबशा घेऊन आत गेल्या.

परत येताना इंगळे भिंतीच्या कडेनं हळूहळू चालत होते. म्हणाले, "अकरा वर्षं झाली सर तिच्या गुडघ्याले. पोरगा पुण्याले, पोरगी नागपूरले. दिवसभर घरात एकटी. बाहेर निघणं नाही, कोणाशी बोलणं नाही. मंग म्हटलं, आपला आवाज तरी भिंतीच्या पलीकडं जाते ना? पण नुसत्या गाड्या काय ऐकाव तिनं? तिले फुटबॉलचं येड. म्हणून सुरू केलं मी. आधी मले काय ठाव व्हतं त्यातलं! रद्दी वाचून वाचून शिकलो."

म्हणजे तो खोका, ते कुत्रं, ते एकशे एकोणपन्नास गोल, आम्ही सगळे प्रवासी फुकटात ऐकत होतो. ते होतं दोन खोल्यांतल्या एका बाईसाठी.

"घरी गेलो का रोज इचारतो, ऐकलं काय? ती म्हणते, कुकर व्हता. मले एकच समजलं नाही सर. ऐकते तवा तिचं तोंड कसं होत असीन? मी तर त्या टायमाले माईकपाशी राहतो."

दुसऱ्या दिवशी मी तक्रार पुस्तक मागितलं आणि माझ्या तक्रारीखाली लिहिलं: 'सदर माहिती पूर्णपणे खरी आहे. प्रमाणपत्र व बोट समक्ष पाहिले. चूक तक्रारदाराची होती.' साहेबांनी ते वाचलं, मला बसवून सगळी हकीकत ऐकली, आणि माईक इंगळ्यांकडंच राहिला. शाळेचा फलक मी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतला. चित्रकलेच्या सरांनी विचारलं, गोलकीच्या आधी 'श्री.' लिहू? मी म्हटलं, तुमच्या हातातला ब्रश द्या इकडं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी इंगळ्यांनी मला फलाटावर गाठलं. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं जागेवर. "सर, आज रजा टाका."

"का?"

"माह्या घरी बसा. साडेनऊले मी नाव घेऊन राह्यलो. तिले इचारलं नाही. इचारलं तर नाही म्हणीन. तुम्ही फक्त तिच्या तोंडाकडं पाहा आणि येऊन मले सांगा."

अठरा वर्षांत मी अशी ऐनवेळी रजा टाकली नव्हती. टाकली. काही तरी पुस्तक मागायचं निमित्त करून वहिनींसमोर जाऊन बसलो. त्या खाली बैठकीवर गवारीच्या शेंगा मोडत होत्या. साडेनऊ झाले. कुकर ओट्यावर कोरडा पालथा होता. गॅस बंद होता. आणि वहिनींनी उठून, भिंतीला धरत, मागच्या खिडकीची दोन्ही दारं उघडली. मग पुन्हा येऊन शेंगा हातात घेतल्या, जसं काही झालंच नाही.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," भोंगा म्हणाला. साखरखेर्ड्याची गाडी तीनवर लागली. मग थोडा वेळ नुसतीच खरखर. मला वाटलं, घाबरला गडी. मग आवाज आला, नेहमीपेक्षा जरा वर चढलेला:

"चाळीस वर्षांपूर्वी साखरखेर्डा येथील गोलकी सुमन बाबुराव मोरे, म्हणजे आता सुमन सुखदेव इंगळे, हिनं, अनवाणी पायांनी, हाताचं बोट मोडलेलं असताना, तीन पेनल्ट्या अडवल्या. ही जगातली सगळ्यात भारी गोलकी आहे. हे छापील नाही, पण खरं आहे."

स्टँडवर कोणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या ऐकू आल्या, आधी तुरळक, मग बऱ्याच. एका ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, त्याचं बघून दुसऱ्यानं दाबला.

मी तोंडाकडं बघत होतो, मला तेच काम दिलं होतं. वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. डोळे भरून आले, त्यांनी पुसले नाहीत. हनुवटी वर गेली. चाळीस वर्षांपूर्वी ती पोरगी गोलात कशी उभी राहिली असेल, ते मला त्या बैठकीवर स्पष्ट दिसलं, आणि मला स्वतःलाच उगीच अभिमान वाटला, जसं काही त्या संघात मीही होतो.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तीन नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"चार. अकरा वर्षं तीन तीन सांगून राह्यले. चार अडवल्या मी. एक अडवली तर रेफ्री म्हणे, गोलकी आधीच हालली, पुन्हा मारा. त्या पोट्ट्यानं पुन्हा मारली. तेही अडवली." त्यांनी शेंग काडकन मोडली. "तो पोट्टा कोण व्हता, ते जाऊन इचारा तुमच्या कंट्रोलरले."

मी स्टँडवर जवळजवळ पळत गेलो. चौकशीच्या खोलीत इंगळ्यांच्या गळ्यात झेंडूचा हार होता, साहेब पेढा भरवत होते. इंगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या आयुष्याचा निकाल माझ्या हातात असल्यासारखं बघितलं.

"रडल्या," मी म्हटलं. "आणि मग म्हणाल्या, तीन नाही, चार. दोन एकाच पोट्ट्याच्या होत्या. तो कोण, तुम्हाला विचारायला सांगितलंय."

इंगळ्यांचे कान लाल झाले. साहेब एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले.

"मोजत व्हती म्हणजे," इंगळे पुटपुटले. "ऐकत व्हती. रोज."

त्यांनी पेढा खाली ठेवला आणि माईक ओढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. एक दुरुस्ती आहे. पेनल्ट्या तीन नव्हत्या, चार होत्या. त्यातल्या दोन मेहकरच्या सुखदेव इंगळे यांनी मारल्या होत्या. दोन्ही अडवल्या गेल्या."

बटण बंद केलं. हार काढायचंही त्यांना सुचेना. माझा दंड घट्ट धरून, चेहराभर हसत ते सांगायला लागले, "पयली डाव्या कोपऱ्यात मारली, सर. अडवली. मंग मले वाटलं, आता ती उजवीकडं जाईन, म्हणून दुसरी बी डावीकडंच मारली. जीव खाऊन मारली! तर ती तिथं आधीच! तुटलेल्या बोटानं! काय गोलकी व्हती, सर!"